पोटात पाय

मालवणच्या रॉक गार्डनखालच्या खडपावर सुकतीच्या वेळी वाकून पाहिलं, की कातळाच्या भेगांत मिरी सांडल्यासारखी दिसते. नखाने एक दाणा सुटा करून तळहातावर घेतला की त्याला वळसे दिसतात आणि तोंडाशी पातळ तपकिरी झाकण. समुद्री गोगलगाय, पण आतून कडी लावून बसलेली.

गेल्या मे महिन्यात भाचीच्या हट्टापायी अशा चौदा गोगलगायी मी काकीच्या घरी आणल्या. वाटीत समुद्राचंच पाणी घातलं, म्हणजे पाहुण्यांची सोय चोख झाली अशी माझी समजूत. सकाळी वाटी रिकामी! मंडळी ओट्यामागच्या भिंतीवर, एक तर थेट मिठाच्या बरणीवर. काकी म्हणाली, "जिते आसत ते! जा, सोड जावन त्यांका."

समुद्राच्या जिवाने समुद्राच्या पाण्यातून पळून जावं, हे मला जरा लागलंच. पण या जातीचं बिऱ्हाड असतं लाटेचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात. पाण्यात बुडून राहणं तिला नको असतं. ऊन तापलं की झाकण ओढून आतली ओल जपायची, कातळ भिजला की बाहेर येऊन त्यावरचं शेवाळ खरवडायचं. जिभेवर बारीक दातांच्या रांगाच असतात, खवणीच म्हणा ना.

एक भाचीने काचेच्या पेल्यावर ठेवली. पलीकडून पाहिलं तर पोटाखालचा सपाट पाय लाटेसारखा सरकत होता. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो. क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९५ मध्ये या वर्गाला ग्रीक शब्दांवरून नाव दिलं, त्याचाही अर्थ हाच, उदरपाद. फक्त त्याने टोमणा मारला नव्हता. एक मात्र खरंच विचित्र: डिंभावस्थेत, म्हणजे अगदी बाळरूपात, हिचं शरीर १८० अंशांत पिळतं आणि मलद्वार डोक्यावर येतं. असो, जेवणाच्या वेळी हे सांगू नये, हे मला काकीच्या चेहऱ्यावरून कळलं.

कारण ताटात तिसऱ्यांचं एकशिपी होतं. तिसऱ्या, कालवं, माकूल ही सगळी हिचीच भावकी, मृदुकाय संघातली. ऑक्टोपससुद्धा. शेजारी तळलेला बांगडा मात्र तिचा कुणी नव्हे. त्याला पाठीचा कणा आहे, म्हणजे नात्याने तो आपल्याच जवळचा. हे ऐकून भाचीने बांगडा बाजूला सारला.

संध्याकाळी खडपावर तेराच परत गेल्या. चौदावी आठवड्याने काकीला कोकमाच्या बरणीमागे सापडली, झाकण घट्ट लावलेली. मेली असं समजून काकीने तिला पुळणीवर नेलं, ओल्या कातळावर ठेवलं आणि जरा वेळ उभी राहिली. "पाय भायर काढल्यान गो!" रात्री फोनवर भाचीला सांगत होती.