गृहकर्ज मुदतीआधी फेडलं: माझा अनुभव, आकड्यांसकट

कर्ज लवकर फेडायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळ्यात आधी बँकेकडून परतफेडीचा पूर्ण तक्ता मागवला. महिन्याच्या मेसेजमध्ये फक्त हप्ता किती कापला तेवढंच कळतं. त्यातलं मुद्दल किती आणि व्याज किती हे तक्त्यातच दिसतं, आणि ते एकदा दिसलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरते. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं फक्त ६,३८० रुपयांनी. पाच वर्षांत वीस लाखांच्या वर पैसे भरूनही बाकी राहते सव्वापस्तीस लाखांच्या आसपास. दर तोच राहिला तर वीस वर्षांत एकूण भरणा ८३ लाखांच्या पुढे जातो.

म्हणूनच जादा पैसे कधी भरले याला फार महत्त्व आहे. याच कर्जात अगदी सुरुवातीला एक लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे पंधरा हप्ते गळतात आणि चार लाखांहून जास्त व्याज वाचतं. तेच एक लाख पंधरा वर्षांनंतर भरले तर वाचतात जेमतेम पन्नास हजार. मोठी रक्कम साठण्याची वाट बघण्यापेक्षा लहान रक्कम लवकर भरणं चांगलं, हे आम्ही याच आकड्यांवरून ठरवलं. पहिल्या महिन्यापासून दरमहा ५,००० जादा भरले तर कर्ज पावणेपंधरा वर्षांत संपतं आणि व्याज सुमारे तेरा लाखांनी कमी होतं. मुंबईतल्या घरखर्चातून पाच हजार काढणं कठीण आहे, पण अशक्य नाही.

जादा पैसे भरायला घेण्याआधी आपला व्याजदर तपासा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो), जोडलेली असतात आणि त्यानुसार व्याजदर तीन महिन्यांतून किमान एकदा तरी नव्याने ठरवावा लागतो. त्याआधीचं कर्ज जुन्या पद्धतीवर असेल, किंवा तुमच्या कर्जात बँक रेपो दरावर जे जादा टक्के जोडते ते नव्या ग्राहकांपेक्षा जास्त असतील, तर ठरावीक फी भरून दर कमी करून घेता येतो. अर्धा टक्का कमी झाला तरी ४० लाख बाकीवर वर्षाला वीस हजारांच्या आसपास व्याज वाचतं. फी साधारण एकदाच भरायची असते, त्यामुळे आधी हे उरकावं. हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर तिचा दर तिच्या स्वतःच्या मानकावर चालतो. तिथे दर आपोआप उतरेल असं धरून बसू नये, लेखी अर्ज करावा.

मुदतीवरही लक्ष ठेवायला हवं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. दर वाढला की बँक बहुतेकदा हप्ता तोच ठेवते आणि मुदत लांबवते. सात टक्क्यांनी घेतलेल्या ४० लाखांच्या कर्जाचा हप्ता ३१,०१२ रुपये, आणि तेच ४० लाख साडेनऊ टक्क्यांवर गेले की एका महिन्याचं व्याजच ३१,६६७. म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल हलत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय ग्राहकाला द्यायला हवा. दर वाढला तेव्हा आम्ही हप्ता वाढवून मागितला. दर उतरला, जसा २०२५ च्या पहिल्या सहामाहीत रेपो ५.५० वर आला, तेव्हा हप्ता कमी करून घेतला नाही, मुदत कमी करून घेतली. घरखर्चाला जराही चिमटा न काढता होणारी ही सगळ्यात मोठी बचत आहे.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर गृहकर्जाला हात लावू नका. कार्डाचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत जातं, ते आधी शून्यावर आणा. घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांची रक्कमही वेगळी ठेवा. एकदा कर्जात भरलेले पैसे अडचणीच्या वेळी परत मिळत नाहीत. बँक नवं टॉप-अप कर्ज (चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज) देईल, पण नोकरी गेलेल्या माणसाला ते मिळणं कठीण. ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जात ही राखीव रक्कम त्याच खात्यात ठेवून व्याज वाचवता येतं आणि लागली तर काढताही येते. त्याचा दर मात्र बहुधा थोडा जास्त असतो.

‘कर्ज लवकर फेडू नका, करसवलत जाईल’ हा सल्ला सगळेच देतात. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. जुन्या प्रणालीतही साडेआठ टक्क्यांना दोन लाख व्याज होतं ते साधारण साडेतेवीस लाखांच्या बाकीवर. त्यावरच्या बाकीचं व्याज एकट्या कर्जदाराला कसलीही सवलत न मिळता जातं. नवरा-बायको दोघंही मालक आणि सहकर्जदार असतील तर दोघांना वेगवेगळी वजावट मिळते, मग हिशेब बदलतो. तरीसुद्धा कर वाचवायला व्याज भरत राहणं मला कधीच पटलं नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसालाही शंभर रुपये व्याजामागे एकतीस-बत्तीस रुपयेच परत मिळतात.

आता घरखर्च. अंदाजाने बजेट करायला बसलं की प्रत्येक रकान्यात आपल्याला आवडणारा आकडा पडतो. त्यामुळे आम्ही आधी तीन महिन्यांची बँक स्टेटमेंटं काढली आणि यूपीआयच्या प्रत्येक नोंदीसमोर ती कशाची ते लिहिलं. शंभर-दीडशेच्या नोंदी सगळ्यात जास्त निघतात: स्टेशनपर्यंतची रिक्षा, ऑफिसखालचा चहा-नाश्ता, दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवरची कोथिंबीर आणि तिच्यासोबत आलेल्या आणखी चार वस्तू. या ॲपवर सामानापेक्षा हाताळणी आणि डिलिव्हरीचे आकार खिसा कापतात. महिन्याचं वाणसामान यादी करून एकदाच भरलं आणि भाजी आठवड्यातून दोनदा बाजारातून आणली, की हा रकाना आपोआप आटतो.

दुसरी गळती वार्षिक खर्चांची. शाळेची फी, विम्याचे हप्ते, गाडीचा इन्शुरन्स, गणपतीला गावी जाणं, दिवाळी, सोसायटीने अचानक काढलेली रंगकामाची वर्गणी. यांची बेरीज करून बारा भाग केले आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकली. हे न करणाऱ्या घरात ऑगस्ट ते नोव्हेंबर जादा भरणा बंद पडतो आणि मग तो बंदच राहतो. बजेट फसतं ते बहुधा इथेच, रोजच्या चहावर नाही.

छोट्या गोष्टींतही पैसा आहे. लोकलचा तीन महिन्यांचा पास महिन्याच्या पासाच्या २.७ पट पडतो, वर्षाचा १०.८ पट. विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, १०० युनिटांनंतर आणि पुन्हा ३०० नंतर. एसी लावणाऱ्या घराने मे महिन्याचं बिल याच नजरेने वाचावं, कारण तीनशेच्या वरचं प्रत्येक युनिट महागड्या दराचं असतं. ओटीटीची वर्गणी एका वेळी एकाच ठिकाणी ठेवायची. घरात दोन-दोन ब्रॉडबँड किंवा पोस्टपेड कनेक्शनं असतील तर एक कापायचं.

या सगळ्यातून निघालेले पैसे बचत खात्यात ठेवले तर ते महिनाअखेरीस दिसत नाहीत. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी जादा रक्कम कर्जाकडे जायला हवी, उरलेल्यात घर चालवायचं. बोनसचं आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं: निम्मा कर्जाला, निम्मा घराला. सगळा बोनस कर्जात घातला तर घरातली माणसं दुसऱ्या वर्षी साथ देत नाहीत.

पसारा आवरण्याचा कर्जाशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांना मी माळा दाखवते. मुंबईत एका चौरस फुटाला आपण हजारो रुपये मोजलेले असतात, आणि त्यावर खोकी, तुटके पंखे आणि वापरात नसलेले टेबल-खुर्च्या ठेवतो. जागा पुरत नाही म्हणून नवं कपाट येतं, मग मोठ्या घराच्या गोष्टी सुरू होतात. जुनं विकून येणारा पैसा फार नसतो, हे आधीच सांगून ठेवते. खरा फायदा नवी खरेदी थांबण्यात आहे. घरात तीन कढया, दोन इस्त्र्या आणि न उघडलेले चादरींचे सेट आहेत हे डोळ्यांनी दिसलं, की सेलमध्ये हात आवरतो.

हे काम जूनच्या आत उरकावं. पाऊस लागला की माळ्यावरच्या कागदाला ओल येते, लाकडाला बुरशी आणि वाळवी लागते, आणि ओली रद्दी रद्दीवाला कमी भावात घेतो. वर्तमानपत्रं, पुठ्ठा आणि वह्या-पुस्तकं वेगळी बांधावीत, कारण एकत्र दिली की सगळ्यात कमी भाव लागतो. धातूचंही तसंच. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड आधी वेगळं करायचं, जुन्या कुकरची प्लास्टिकची मूठ काढायची, मगच भंगारवाल्याला बोलवायचं. दोन दुकानांत भाव विचारावा आणि काटा शून्यावर आहे का ते बघावं. चांगली पितळी भांडी मोडीत घालण्याआधी कुणी वापरायला घेतं का ते पाहावं, कारण मोडीत फक्त वजनाचे पैसे मिळतात. जुना एसी किंवा फ्रिज दुरुस्ती करणाऱ्याला विकला तर भंगारापेक्षा जास्त मिळतात, कारण त्याला कॉम्प्रेसर आणि तांब्याच्या नळ्या कामाच्या असतात. सागवानी कपाट, पलंग असेल तर ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात भाव विचारून यावं. कपडे भांडेवालीला द्यायचे तर द्यावेत, पण बदल्यात आलेलं नवं भांडं पुन्हा माळ्यावर जाणार नाही ना, तेवढं बघावं.

रद्दीत काय जाता कामा नये, ते मात्र दोनदा तपासा. फ्लॅट रिसेलचा असेल तर आधीच्या मालकांचे करारनामे, मुद्रांक शुल्काच्या आणि नोंदणीच्या पावत्या, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा कराराचा उतारा), ताबापत्र, सोसायटीच्या पावत्या, कर्जाचं मंजुरीपत्र आणि बँकेने दिलेली जमा कागदपत्रांची यादी. आधीच्या कराराचा एक कागद हरवला तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि वकिलाची फी, एवढं सगळं मागे लागतं.

जादा रक्कम भरण्याची पद्धत प्रत्येक बँकेत थोडी वेगळी असते, आणि घोळ इथेच होतात. कर्ज खात्यात नुसते पैसे टाकले तर काही ठिकाणी ते मुद्दलातून वजा होत नाहीत, पुढच्या हप्त्यांसाठी जमा म्हणून पडून राहतात. त्यामुळे नेट बँकिंगवर ‘पार्ट पेमेंट’ हाच पर्याय घ्यायचा, आणि तो नसेल तर शाखेत अर्ज द्यायचा: ही रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी. हे लिहिलं नाही तर काही बँका मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात आणि व्याजाची बचत बरीच घटते. किमान रकमेची अट असेल तर तेवढी आवर्ती ठेवीत साठवून दर तिमाहीला भरावी. व्याज रोजच्या बाकीवर लागतं की महिन्याच्या, हे मंजुरीपत्रात असतं. रोजच्या बाकीवर असेल तर पैसे हातात येतील त्या दिवशी भरा. महिन्याच्या बाकीवर असेल तर बँकेची हिशेबाची तारीख विचारून तिच्या आधी भरा. आठवड्याभराने नवा तक्ता काढून शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का ते बघावं. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी भरण्याचा दंड लावायला २०१२ पासून बँकांना मनाई आहे. स्थिर दराच्या कर्जावर तो असू शकतो.

शेवटी बाकी दोन-तीन लाखांवर आली की फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज पूर्ण बंद करायला लागणाऱ्या रकमेचा हिशेब, मागवायचं. त्यावर ठरावीक तारखेपर्यंतची रक्कम आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज लिहिलेलं असतं. पैसे हप्त्याच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी भरावेत आणि नॅच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द करायचा अर्ज त्याच वेळी द्यावा. नाहीतर बंद झालेल्या कर्जाचा हप्ताही खात्यातून कापला जातो आणि परतावा मिळवायला फेऱ्या होतात. मूळ कागदपत्रं परत देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत ती मिळाली पाहिजेत, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद घेताना यादी हातात धरून पान-पान मोजावं, करारनाम्याची जोडपत्रं आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट विशेष करून. सुरक्षेसाठी दिलेले कोरे चेकही परत मागावेत.

त्यानंतर तीन कामं उरतात. बँकेचं ना-हरकत पत्र सोसायटीला देऊन तिच्या दप्तरातली बोजाची नोंद काढायची. सोसायटी पुनर्विकासाला जाणार असेल तर हे आधी करा, कारण तारण फ्लॅटला बँकेची परवानगी लागते आणि तिथे महिने जातात. सरसाईच्या (तारणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) नोंदवहीतला तारणाचा बोजा बँकेने उतरवला का, ते शाखेकडून लेखी घ्यायचं. आणि महिना-दीड महिन्याने सिबिल अहवाल (आपल्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल) काढून कर्ज ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य दिसते का ते बघायचं. ‘सेटल्ड’ असं दिसलं तर ना-हरकत पत्राची प्रत जोडून लगेच तक्रार करायची, कारण पुढची बँक त्याचा अर्थ रक्कम कमी करून तडजोड झाली असाच लावते.