लायब्ररीचं कार्ड आणि चिरोलसाहेब

इथे ब्रिटनमध्ये बरीच मोठी वर्तमानपत्रं पैसे भरल्याशिवाय दोन ओळींपुढे वाचू देत नाहीत. ऑफिसात कुरकुर केली, तर एक सहकारी म्हणाली, "कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लायब्ररीचं कार्ड आहे ना तुझ्याकडे?" घरी येऊन कार्डाचा नंबर आणि पिन टाकला. प्रेसरीडर या वेबसाइटवर देशोदेशीची वर्तमानपत्रं, छापील पान जसंच्या तसं. फुकट म्हटल्यावर अस्सल पुणेकर आधी अटी वाचतो. वाचल्या. काही सापडलं नाही.

पण खरी झोप उडवली ती लंडनच्या 'टाइम्स'च्या जुन्या अंकांनी. त्याच कार्डावर थेट १७८५ पासूनचे! मी सरळ १९१० गाठलं. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराची हिंदुस्थानातल्या असंतोषावरची लेखमाला. तिचंच पुढे पुस्तक झालं आणि त्यावर टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. मूळ लेख मात्र मी कधी पाहिले नव्हते. काय तो सूर! पुण्याच्या ब्राह्मणांची नस आपल्याला अचूक सापडली आहे, असा थाट. आणि हे छापून येत होतं तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात. उत्तर देणार कसे? दाव्यासाठी ते लंडनला पोचले तेव्हा १९१८ उजाडलं होतं. १९१९ मध्ये हरले, वर खर्चाचा डोंगर. ज्या मजकुरापायी हे सगळं झालं, तो मी पायजम्यात बसून, चहा पीत, दमडी न मोजता वाचतोय. मजा वाटली आणि रागही आला.

बाबांना फोनवर थोडं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आणि केसरीचे अंक? ते आहेत का तुमच्या त्या कार्डावर?"

मला तरी सापडले नाहीत.

आता कुणी म्हणेल, बघा, साहेबाची लायब्ररी! इंग्लंडचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १८५० चा. आपलं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं. वर्गणी लागते, मान्य. पण चौकात मंडळाच्या फळीवरचा पेपर उभ्याने वाचायला कुठलं कार्ड आणि कुठला पिन? शिवाय इथलं फुकटही तसं फुकट नाहीच. कौन्सिल टॅक्स भरतो मी, तोही मुकाट.

बाबांनी आता यादीच पाठवली आहे: जून १८९७ पासूनचे अंक, गणेशखिंड रस्त्यावर रँडला गोळी घातली तिथपासून चाफेकरांच्या खटल्यापर्यंत. रविवारी फोनवर सगळं वाचून दाखवायचं. मध्ये माझी मल्लिनाथी नको, असंही बजावलं आहे.