वडगावच्या मागावर गिटार

मी बेळगावचा. कॉलेजपासून पंक वाजवतोय, म्हणजे तीन कॉर्ड, फुल्ल डिस्टॉर्शन (आवाज फाडून खरखरीत करायचं) आणि उजवा हात फक्त वरून खाली, रमोन्स बँडचा गिटारवाला जॉनी रमोन मारायचा तसा. सगळे डाउनस्ट्रोक. पहिली दोन मिनिटं कुणीही मारेल, खरं तिसऱ्या मिनिटाला मनगट पेटतं. आता फिल्मचं बॅकग्राउंड करतो. पंकवाला तिकडं कसा काय असं टिळकवाडीत मित्र विचारतात तेव्हा मी क्लिफ मार्टिनेझचं नाव सांगतो, तो द वीअर्डोज या पंक बँडमध्ये ड्रम वाजवायचा, मग रेड हॉट चिली पेपर्समध्ये, आणि १९८९ ला स्टीव्हन सोडरबर्ग या दिग्दर्शकाच्या फिल्मचं संगीत केल्यापासून त्याच कामात आहे.

तर ही फिल्म आमच्याच एका दोस्ताची, वडगावातल्या यंत्रमागावर. शेवटचा सीन असा की माग भंगारात जाणार आहे आणि बाई त्याच्यावर शेवटची साडी विणतेय. मी घरी आधी व्हायोलिनचे सॅम्पल लावून पाठवलं, दोस्त म्हणाला, काढ ते, लोकांना रडा म्हणून सांगूलालंय. बरोबर होतं त्याचं. मग पॉवर कॉर्ड घेतली, डिस्टॉर्शन पूर्ण बंद करून. पॉवर कॉर्डमध्ये मधला गंधार नसतोच, मूळ स्वर आणि पंचम एवढंच, त्यामुळं ती ना हसरी ना रडकी, आणि इतकी वर्षं जे नुसतं जोरात वाजवलं ते हळू वाजवल्यावर असं ऐकू येतं हे मला तेव्हा कळलं. खरं ताल बसेना. मी क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक, मिनिटाला १२० ठोक्यांवर ठेवलेला, सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे एका ठोक्याला बरोबर १२ फ्रेम, एडिटला सोपं. माग कुठं क्लिक ऐकतो? मोबाइलवर टॅप करून मोजलं तर कधी १२६, पट्टा जरा घसरला की ११९.

दोस्त म्हणाला, तिथंच येऊन वाजव, कॅमेरा सुरू असताना, एकच शॉट, चार मिनिटं.

गेलो. पत्र्याची शेड, पावसाळी ओल, सुताची धूळ नाकात. गिटार सरळ लॅपटॉपला लावली, लॅपटॉप बॅटरीवर, तरी मोटरजवळ बसलो की पिकअपमध्ये (गिटारच्या तारांचा आवाज पकडणारं चुंबक) ५० हर्ट्झचा हं यायचा, गिटार थोडी आडवी फिरवली की कमी व्हायचा, शेवटी भिंतीकडं तोंड करून बसलो. त्यामुळं माग दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. धोटा इकडून तिकडं, खटाक, प्रत्येक खटाकला माझा एक स्ट्रोक. माग हळू झाला की मी हळू, आणि पंकनं हाताला जे दिलंय ते सगळं त्या दिवशी कामाला आलं, कारण थकलेल्या हातानं एकसारखं वाजवत राहणं हेच तर आम्ही शिकलो होतो.

तिसरं मिनिट संपता संपता बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला. तसं झालं की माग आपोआप थांबतो. एकदम थांबला. माझा हात नाही थांबला, दोन स्ट्रोक त्या गप्प झालेल्या शेडमध्ये जास्तीचे पडले, तारेवर नख घासल्याचं पण ऐकू आलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, परत घेऊ. दोस्त काहीच बोलेना, हेडफोन तसेच कानाला. मागवाल्या मावशी धोट्यातली सुताची कांडी बदलत होत्या, त्याच म्हणाल्या, "कशाला परत करूलालास बाळ? आमचे सासरे हातमागावर होते. माग विकल्यावर पण रात्री झोपेत पाय हलायचे त्यांचे, पावड्या मारल्यासारखे."

दुसरा टेक घेतलाच नाही. फिल्ममध्ये ते दोन स्ट्रोक आहेत.