व्हिक्टरी मॉडेलची तपासणी : वहीतल्या नव्या नोंदी

संग्रहात आता स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी मॉडेल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं रिव्हॉल्व्हर, आलं आहे. सिरियल नंबरच्या आधी ‘व्ही’ असलेली ही मालिका १९४२ मध्ये सुरू झाली. माझं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश फौजांसाठी बनलेल्यांपैकी आहे : पाच इंची नळी, .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) काडतूस आणि मुठीच्या तळाशी दोरीची कडी.

सिलिंडर उघडून सगळे खाने रिकामे असल्याची खात्री केली की मी आधी नंबर जुळवते. मुठीचा तळ, सिलिंडरची मागची बाजू, नळीची खालची बाजू : तिन्ही ठिकाणी एकच नंबर मिळाला. उजव्या लाकडी फळीच्या आतल्या बाजूलाही तोच नंबर कोरलेला दिसला तेव्हा फार आनंद झाला. मुठीच्या फळ्या सहज बदलल्या जातात, त्यामुळे मूळच्या सापडणं ही मोठी गोष्ट.

या मॉडेलमध्ये सगळ्यात महत्त्वाचे ते खाने. युद्धानंतर विकल्या गेलेल्या अनेक नगांचे खाने .३८ स्पेशल हे जास्त लांब काडतूस बसावं म्हणून आतून खोल कापले गेले. .३८ एस अँड डब्ल्यूची केस (काडतुसाचं धातूचं कवच) आखूड पण किंचित जाड असते. त्यामुळे अशा खान्यात स्पेशलची केस मागच्या बाजूला सैल राहते आणि बार झाल्यावर तिथे फुगते. टॉर्च धरून प्रत्येक खान्यातली पायरी, म्हणजे केसचं तोंड जिथे अडतं ती कड, बघावी. ती मूळ जागेपेक्षा पुढे सरकलेली असेल तर खाना खोल कापलेला आहे. माझ्या नगात ती सहाही खान्यांत जागच्या जागी आहे.

मग यंत्रणा. घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला जरासा अडथळा करायचा. घोडा अडकण्याआधी किंवा निदान त्याच क्षणी सिलिंडर ‘खट्’ करून जागी बसला पाहिजे. हे सहाही खान्यांवर करायचं, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. माझा एक खाना थोडा उशिरा बसतो, तशी नोंद केली आहे. नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) दोनदा मोजली : सिलिंडर मागे दाबून ०.१५ मिलिमीटर, पुढे दाबून ०.१० मिलिमीटर. या दोहोंतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे खेळ. एकदाच मोजलं तर तो कळतच नाही.

फिनिशबद्दल माझं मत ठाम आहे : घासून चकचकीत केलेल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा कडा पांढऱ्या पडलेलं, पण हात न लागलेलं रिव्हॉल्व्हर कधीही सरस. पुन्हा ब्लूइंग (पोलादावर निळसर-काळा थर चढवण्याची प्रक्रिया) केलेला नग ओळखायला अक्षरं पाहावीत. पॉलिशच्या चाकाखाली त्यांच्या कडा बुजतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगा पडतो, साइड प्लेटची (यंत्रणेवरच्या बाजूच्या झाकणाची) शिवण उठून दिसू लागते. युद्धाआधीच्या स्मिथ अँड वेसनच्या घोड्यावर आणि चापावर केस-हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कठीण करताना उमटणारे चट्ट्यापट्ट्यांचे) रंग असतात. ते दोन्ही निळेशार दिसले तर समजावं की कुणीतरी सगळंच नव्याने रंगवलं आहे. व्हिक्टरीचं मूळ फिनिश मात्र करडं, निस्तेज असतं. तकाकी दिसली तर शंका घ्यावी.

जुन्या शस्त्रांसाठीच्या एनआरए (अमेरिकेची नॅशनल रायफल असोसिएशन) प्रतवारीत ‘फाइन’साठी सगळे भाग मूळचे आणि ३० टक्क्यांहून जास्त मूळ फिनिश लागतं. माझ्या अंदाजाने हा नग तिथे बसतो. तरी वहीत मी फिनिश, नळी आणि यंत्रणा यांचे शेरे वेगवेगळे लिहिते. एका शब्दाची प्रत उशिरा बसणारा खाना झाकून टाकते.

आता पाळी वेब्ली मार्क ६ या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरची, १९१५ चं मॉडेल. यातल्या कित्येकांचे सिलिंडर .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस क्लिपसह (काडतुसं धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीसह) बसावं म्हणून मागून तासले गेले, आणि त्या काडतुसाचा पूर्ण दाब या रिव्हॉल्व्हरसाठी जास्त आहे. तेव्हा आधी सिलिंडरची मागची कड बघायची, मग बिजागरीपाशी नळी हलते का ते.