फॉरवर्डिंग चालू होतं, मेल मात्र येत नव्हते

पुण्यातली संशोधन संस्था सोडून वर्ष होत आलं, तरी तिथल्या आयटी विभागाचा विषय निघाला की अजून डोकं तापतं. नो ड्यूजच्या सह्या दोन दिवसांत झाल्या. जुन्या पत्त्यावरचे मेल सहा महिने माझ्या जीमेलवर पाठवायला संचालकांनी मंजुरीही दिली. जुन्या सहकाऱ्यांचे मेल येत होते, म्हणून मी निर्धास्त होते.

माझा एक शोधनिबंध जर्नलकडे होता, संपर्काचा पत्ता जुनाच. परीक्षकांचे शेरे येऊन दुरुस्तीची निम्मी मुदत संपली, तेव्हा सहलेखिकेच्या फोनवरून मला ते कळलं. आयटीचं उत्तर ठरलेलं: "आमच्याकडून चालू आहे मॅडम, स्पॅम बघा." स्पॅममध्ये काहीच नव्हतं. तीन आठवडे, पाच तक्रारी, तेच वाक्य. सर्व्हरचा लॉग, म्हणजे मेलच्या ये-जा नोंदी, उघडून बघायला कुणी तयार नाही!

शेवटी तिथल्या एका तरुण तंत्रज्ञाने तो उघडला. जीमेल जर्नलचे मेल दारातूनच परत पाठवत होतं. फॉरवर्ड झालेला मेल जर्नलच्या नव्हे, संस्थेच्या सर्व्हरवरून येतो, म्हणून एसपीएफ तपासणीत (मेल त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरून आलाय का, ते बघणारी) तो नापास. डीकेआयएमची, म्हणजे मूळ सर्व्हरने मेलला जोडलेली डिजिटल सही तरली असती. पण संस्थेचा सर्व्हर बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलच्या विषयात 'एक्स्टर्नल' असा शिक्का मारतो, खाली इशारा जोडतो, आणि मजकूर बदलला की सही जुळत नाही. त्यात जर्नलच्या डोमेनचं डीमार्क धोरण (दोन्ही तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं, ते सांगणारं) 'रिजेक्ट', म्हणजे नाकारा. सहकाऱ्यांचे मेल संस्थेच्याच डोमेनचे, त्यामुळे ते बिनबोभाट पोचत.

माझ्या पत्त्यापुरता शिक्का आणि इशारा काढायला त्याला दहा मिनिटं लागली. त्याचे मी मनापासून आभार मानले.

फॉरवर्डिंग सुरू झालं की सहकाऱ्याच्या मेलवर विसंबू नका, याहूच्या पत्त्यावरून चाचणी करा. याहूने २०१४ पासूनच 'रिजेक्ट' लावलंय. ऑर्किडवर (संशोधकांच्या ओळख क्रमांकाच्या खात्यावर) खासगी ईमेल नोकरीत असतानाच जोडा. आणि हो, सगळ्यात आधी बँक आणि म्युच्युअल फंडांतला पत्ता बदला, ओटीपी जुन्या पत्त्यावर गेला तर ऑनलाइन बदलही अडू शकतो. नवा पत्ता सांगणारं स्वयंचलित उत्तरही मागून घ्या. फॉरवर्डिंग बंद पडलं तरी पाठवणाऱ्याला ते मिळतं.

दुरुस्त निबंध मी मुदतीच्या आदल्या रात्री पाठवला.