फार्मसी नसती तर तुम्ही काय केले असते?

फार्मसीच्या मुलाखतीची तयारी करायला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या घरी जी मुले येतात, ती बहुधा उठता उठता विचारतात, "मॅडम, 'फार्मसी नसती तर काय केले असते' असे विचारले तर काय सांगायचे?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

हा प्रश्न आपल्या मुलांना अनोळखी असतो, कारण आपल्याकडे बी. फार्म.चा प्रवेश सीईटीचे गुण आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, फेऱ्या यांवर होतो. समोर बसवून कुणी काही विचारत नाही. अमेरिकेत फार्म. डी.च्या (डॉक्टर ऑफ फार्मसी या पदवीच्या) प्रवेशासाठी मात्र मुलाखत द्यावी लागते. २००३ पासून पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टांना तिथल्या समकक्षता परीक्षेसाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आणि आपली बी. फार्म. चार वर्षांची आहे. त्यामुळे तिथे फार्मासिस्ट म्हणून काम करू इच्छिणाऱ्या आपल्या पदवीधरांना बहुधा तिथलीच फार्म. डी. करावी लागते.

मी स्वतः अशी पहिली मुलाखत दिली, तेव्हा याच प्रश्नावर अभिमानाने सांगितले होते, "मी दुसऱ्या कशाचा विचारच केला नाही." समोरच्या प्राध्यापिकेने शांतपणे विचारले, "मग तुम्ही फार्मसी निवडली, असे कशावरून म्हणता?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या वर्षी मला तिथे प्रवेश मिळाला नाही. तो त्या एका उत्तराने गेला असे मी म्हणणार नाही, पण त्या बाईंचा प्रश्न योग्यच होता, हे मला आजही वाटते. आपली निष्ठा किती पक्की आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे नव्हते; या कामातले नेमके काय आपल्याला धरून ठेवते, हे त्यांना ऐकायचे होते.

म्हणून मी मुलांना सांगते की खरा पर्याय सांगा, आणि तो सांगताना तुमच्या आवडीचा धागा त्यातून फार्मसीपर्यंत कसा येतो, हे दाखवा. कागल भागातल्या एका विद्यार्थिनीच्या घरी गुऱ्हाळ होते. फार्मसी नसती तर अन्नतंत्रज्ञान शिकून गुळाची प्रत तपासण्याचे काम केले असते, असे ती मला घाबरतच म्हणाली. हे उत्तर फार गावठी वाटेल, अशी तिला भीती होती. मी तिला आणखी बोलते केले. काहिलीतला रस उकळताना भेंडीच्या पाण्याने मळी कशी वर येते आणि काहील नेमकी कधी उतरवायची हे गुळव्या कसे ठरवतो, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. थोडा उशीर झाला तरी सगळे आधण बिघडते, हे तिला पाठ होते. मोजमाप आणि वेळ यांच्यावर सारे अवलंबून असलेले काम तिला मनापासून आवडत होते. "मग गुळातच का नाही राहायचे?" असे मी विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "गूळ कोण खातो, ते आम्हाला कधी कळत नाही. औषध कोण घेणार आहे, ते समोर दिसते." तिच्या या वाक्यात मी एक शब्दही बदलू दिला नाही.

सर्वांत अवघड जाते ते नीटमध्ये थोडक्यात राहिलेल्या मुलांना. ती एकतर एमबीबीएसचे नाव टाळतात, किंवा तेवढेच सांगून थांबतात. ते खरे असेल तर जरूर सांगावे, त्यात कमीपणा नाही. मात्र फार्मसीत आल्यानंतर काय घडले, कोणत्या विषयाने किंवा कोणत्या अनुभवाने मन इथे रुजले, हे त्याला जोडून आले पाहिजे. ते अजून घडलेच नसेल, तर मुलाखतीआधी त्या मुलाने स्वतःशीच बोलावे, असे मला कळकळीने वाटते.

"यंदा प्रवेश मिळाला नाही तर काय कराल?" हा प्रश्न वरवर सारखा वाटतो, पण तो वेगळा आहे. पहिल्यात आवड विचारलेली असते, यात चिकाटी. इथे दुसरा व्यवसाय सांगू नये, मधल्या वर्षाचा आराखडा सांगावा. नकारानंतरचे वर्ष मी महाद्वार रोडच्या एका औषध दुकानात काम करून काढले. एके दिवशी एक आजोबा तापाच्या गोळ्या घ्यायला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत सर्दीच्या गोळ्यांची पट्टी होती. दोन्हींची नावे वेगळी होती, पण पॅरासिटामॉल दोन्हींत होते, आणि ते दोन्ही गोळ्या दिवसातून तीनदा घेणार होते. पट्टीवरची बारीक अक्षरे मी त्यांना वाचून दाखवली, आणि त्यांनी तापाच्या गोळ्या परत माझ्या हातात दिल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयाच्या मुलाखतीत तोच जुना प्रश्न आला, तेव्हा मी सांगितले की मी शिक्षिका झाले असते, आणि या आजोबांची हकीकत सांगितली.