आमची वाटचाल: कारचा जीपीएस बाईकच्या हँडलवर

लालबागला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान वडिलांनी सुरू केलं, तेव्हा काम म्हणजे डायनॅमो, सेल्फ, हॉर्न आणि वायरिंग. मी गल्ल्यावर बसायला लागलो तोवर कारमध्ये मॅपवाले जीपीएस सेट बसवायची लाट आली होती, गार्मिनचे नुवी, मॅपमायइंडियाचे, भरपूर लावले आम्ही. मग मोबाईलमध्येच मॅप फुकटात आला आणि हे सेट डॅशबोर्डवरून उतरून कपाटात गेले, काही चोर बाजारात स्वस्तात दिसायला लागले, आणि आमचं धंद्याचं वळण तिथेच आलं, कारण वीकेंडला माळशेज-ताम्हिणीला जाणारी पोरं तेच सेट घेऊन यायला लागली की दादा बाईकला लावून द्या ना, बाईकचा वॉटरप्रूफ सेट परवडत नाही.

पहिल्यापासून आमचं धोरण एकच, सेट ठेवायचा डबा स्वस्तातला चालेल, तो हँडलला धरणारा क्लॅम्प जुना चालेल, वायरिंगमध्ये काटकसर नाही.

बाईकची बॅटरी बारा व्होल्टची, गाडी चालू असताना चौदाच्या वर जाते, आणि सेटला लागतात पाच. ते पाच करणारं सर्किट कारच्या चार्जरच्या प्लगमध्येच असतं, लोक प्लग कापून वायर सरळ बॅटरीला जोडतात आणि सेट जळतो. आम्ही प्लग फोडून आतली सर्किटची छोटी प्लेट बाहेर काढतो, टोकाच्या स्प्रिंगला प्लस, बाजूच्या पट्टीला मायनस असं सोल्डर करतो, सिलिकॉन भरून वरून स्लीव्ह चढवतो, म्हणजे वेगळा कन्व्हर्टर घ्यायचा खर्च वाचतो. आणखी एक, कॉम्प्युटरची साधी केबल लावली तर बरेच नुवी मॅप बंद करून कॉम्प्युटरचं चित्र दाखवत बसतात, चार्जरच्या वायरीत पिनची जोडणी वेगळी असते म्हणून तीच वायर हवी. सप्लाय चावीनंतरच्या लाईनवरून, मध्ये फ्यूज, म्हणजे गाडी उभी असताना बॅटरी उतरत नाही. आणि जुन्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना हेडलाईट बॅटरीवर नाही, इंजिनाकडून येणाऱ्या एसी करंटवर चालतो, तिथून सप्लाय घ्यायचाच नाही, हॉर्न किंवा इंडिकेटरच्या, म्हणजे बॅटरीच्या डीसी लाईनवरून घ्यायचा, हे आमच्याकडे नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी शिकवतो.

डब्याचं म्हणाल तर किचनमधला एअरटाईट डबा, ज्याच्या झाकणाला रबर असतं तो. झाकणाला खिडकी कापून त्यावर पातळ मऊ प्लास्टिक चिकटवायचं, कारण जुन्या सेटचा स्क्रीन दाबावर चालतो, प्लास्टिकवरून आणि ग्लोव्हज घालूनही बोट लागतं. आत चारी बाजूंनी फोम. पूर्ण सील केलं तर पावसात आतून वाफ धरते आणि मॅपच दिसत नाही, म्हणून खाली बारीक भोक ठेवतो, वायरही तिथूनच. मे महिन्यात मात्र गाडी उन्हात लावताना सेट काढून खिशात टाका, बंद डब्यात सेटची बॅटरी फुगते.

गिऱ्हाईकाला डिलिव्हरी देताना एक गोष्ट आम्ही बसवून समजावतो. हा सेट कारचा आहे, तो तुम्हाला सी लिंकवर नेणार, ईस्टर्न फ्रीवेवर, जेजे फ्लायओव्हरवर नेणार, पुण्याला निघालात तर एक्स्प्रेसवेवर, आणि या सगळीकडे दुचाकीला बंदी. टोल टाळा हा पर्याय चालू केला की सी लिंक सुटतो पण फ्रीवेला टोलच नाही, तो नाही सुटत. पुण्यासाठी चौक, खोपोली असे जुन्या हायवेवरचे थांबे मध्ये टाकायचे. जुन्या मॅपात २०२४ मध्ये सुरू झालेले कोस्टल रोड आणि अटल सेतू नाहीत, तिथेही बाईकला बंदीच असल्यामुळे आपलं काही अडत नाही.

मधली काही वर्षं हे काम जवळजवळ थांबलं होतं, सगळ्यांना मोबाईल होल्डर हवे होते, तेही लावले. पण २०२१ मध्ये अ‍ॅपलनेच सांगितलं की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या व्हायब्रेशनने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, आणि घाटात नेटवर्क गेलं की मॅप डाउनलोड न केलेल्याचा फोन कोरा, हा सेट मात्र मॅप पोटात घेऊन फिरतो, सॅटेलाईटला नेट लागत नाही. त्यामुळे बुलेटवाले परत यायला लागलेत आणि मला याचा मनापासून आनंद आहे, चालती वस्तू भंगारात गेलेली मला बघवत नाही.

आता पावसाळ्याच्या आधी गर्दी असते, सकाळी गाडी ठेवलीत तर संध्याकाळी मिळते. सेटबरोबर त्याचा कारचा चार्जर नक्की आणा, फुटका असला तरी चालेल, आतली प्लेट शाबूत हवी.